लाल डोळ्यावर कोणती ट्यूब? कोल्हापूर जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतील औषध विक्रेते बंधू-भगिनींनो,

सस्नेह नमस्कार.

तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी फार्मसीच्या वर्गात औषधशास्त्र शिकवलं आहे. आज तुमची स्वतःची दुकानं आहेत, काहींच्या मुलांनीही याच धंद्यात पाऊल टाकलंय. महाद्वार रोडपासून चंदगडच्या बाजारपेठेपर्यंत कुठेही गेलो की 'सर, या ना' म्हणून कुणीतरी काउंटरच्या आत बोलावतं, चहा मागवतं. त्या नात्याच्या भरवशावर हे पत्र लिहितोय. विषय एकच आहे: कॉर्नियाला म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला होणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा संसर्ग, आणि त्यावर डोळ्यात घालायची अँटिव्हायरल औषधं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. या आजारावर आज मिळणारी चांगली औषधं गुणाला जवळपास सारखीच आहेत. मलम घेतलं की जेल घेतलं, यावरून कुणाचा डोळा जात नाही. डोळा जातो तो चिठ्ठीशिवाय दिलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी, मलमाच्या जागी दिलेल्या भलत्याच ट्यूबने आणि 'परवा माल येईल' म्हणत गेलेल्या दिवसांनी. या तिन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत, म्हणून पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

हा विषाणू आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात कधीच शिरलेला असतो. तापानंतर ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठतो, तो याचाच. एकदा शिरला की चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या गाठीत मुक्काम ठोकतो आणि जन्मभर तिथून हलत नाही. कधी तापाचं निमित्त होतं, कधी प्रतिकारशक्ती खालावते, कधी काहीच कारण सापडत नाही, आणि तो नसेवरून उतरून कॉर्नियाच्या वरच्या थरात येतो. बहुधा एकाच डोळ्यात. डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सोसत नाही, आत काहीतरी खुपतंय असं वाटतं. सगळ्यात घातक गोष्ट अशी की या आजारात कॉर्नियाची संवेदनाच कमी होत जाते. व्रण पसरत असतो आणि माणूस म्हणतो, 'आता कमी वाटतंय.'

डोळ्यांचे डॉक्टर फ्लुरेसिनची केशरी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवतात आणि स्लिट लॅम्पचा निळा उजेड टाकतात. मग दिसते हिरवी, चमकणारी, फांद्या फुटलेली बारीक रेघ, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान गाठ. हाच डेंड्रायटिक अल्सर. तुमच्या काउंटरवरून तो दिसत नाही, मोबाईलच्या बॅटरीने तर नाहीच नाही. तिथून दिसतो फक्त लाल डोळा. साथीत आलेले डोळे, उसाचं पान लागून झालेली बुरशीची जखम, शिरोलीच्या फाउंड्रीत उडालेला लोखंडाचा कण, काचबिंदूचा झटका आणि हा विषाणू, सगळे सारखेच लाल दिसतात. मी स्वतः आयुष्यभर औषधं शिकवली, पण नुसतं बघून यातलं काय आहे हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकत नाही.

माझा धाकटा भाऊ शेती करतो. ऊसतोडीच्या दिवसांत त्याचा डोळा लाल झाला. फडात पान लागलं असेल असं धरून चालला आणि गावातल्या दुकानातून थेंब आणले. बाटलीवर अँटिबायोटिकचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि त्याखाली डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. दोन दिवसांत लाली ओसरली. तो खूश, दुकानदारही खूश. संपली तशी दुसरी बाटली आणली. मग त्या डोळ्याला समोरच्या माणसाचं तोंड धुक्यातून दिसावं तसं दिसू लागलं, तेव्हा कुठे तो कोल्हापूरला आला. तोपर्यंत त्या फांद्या एकमेकींत मिसळून मोठा, वेड्यावाकड्या कडांचा व्रण झाला होता. त्याला जिओग्राफिक अल्सर म्हणतात. औषधाने व्रण भरला, पण बरोबर मध्यावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलं ते पडलंच. रात्री समोरून गाडी आली की तो आता मोटरसायकल कडेला घेऊन थांबतो. ते दुकान कुठलं हे सांगायची मला गरज वाटत नाही, कारण तसे थेंब बहुतेक दुकानांत असेच, मागितले की मिळतात.

इथे काय घडलं ते तुम्ही शिकलेले आहात. स्टिरॉइड लाली कमी करतं, कारण ते सूज दाबतं. सूज म्हणजे शरीराने विषाणूवर पाठवलेली फौज. फौज मागे घेतली की डोळा पांढराशुभ्र दिसतो आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. बुरशीच्या जखमेतही हेच होतं, आणि आपल्यासारख्या उसाच्या जिल्ह्यात ती भीती कायमच असते.

स्टिरॉइडची बदनामी करायला मी बसलेलो नाही. हाच विषाणू कॉर्नियाच्या आतल्या थरात, स्ट्रोमात, दाह करतो तेव्हा स्टिरॉइड लागतंच. हर्पेटिक आय डिसीज स्टडी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १९९४ साली हे नीट दाखवलं गेलं. पण तिथे प्रेडनिसोलोनच्या जोडीला अँटिव्हायरल थेंब होते, आणि स्टिरॉइड दहा आठवड्यांत पायरी पायरीने उतरवलं होतं. कोणत्या थरात काय आहे हे दिव्याखाली बघूनच तो निर्णय होतो. म्हणून तर ही औषधं शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आहेत आणि खोक्यावर तांबडी रेघ आहे.

आता खुद्द अँटिव्हायरल औषधांकडे येतो. यातला बराच भाग अभ्यासक्रमात एका परिच्छेदात उरकलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं औषध आयडॉक्सयुरिडिन. विल्यम प्रुसॉफ यांनी ते १९५० च्या दशकात बनवलं, आणि १९६२ साली हर्बर्ट कॉफमन यांनी डोळ्यातल्या हर्पिसवर ते चालतं हे दाखवून दिलं. विषाणूवर औषध मिळू शकतं यावरच तेव्हा फार जणांचा विश्वास नव्हता. त्या मानाने ही फार मोठी मजल होती. पण रोग्याचे हाल व्हायचे. दिवसा दर तासाला आणि रात्री दर दोन तासांनी थेंब. पाण्यात नीट विरघळत नाही, कॉर्नियाच्या आत फारसं उतरत नाही, आणि विषाणूबरोबर निरोगी पेशींनाही दुखावतं. त्यानंतर विडाराबिनचं मलम आलं, दिवसातून पाच वेळा लावायचं. तेही फार पुढे गेलं नाही.

तिसरं ट्रायफ्लुरिडिन, एक टक्क्याचे थेंब. हे मात्र खरोखर जोरकस औषध आहे आणि अमेरिकेत अनेक वर्षं हेच पहिल्या पसंतीचं होतं. जागेपणी दर दोन तासांनी एक थेंब, दिवसाला जास्तीत जास्त नऊ. व्रण भरला की आणखी सात दिवस दर चार तासांनी. याची अडचण त्याच्या काम करण्याच्या पद्धतीतच आहे. विषाणूग्रस्त पेशी कोणती आणि निरोगी कोणती हे त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे जास्त दिवस घातलं तर कॉर्नियाचा वरचा थर खरबरीत होतो. म्हणून एकवीस दिवसांच्या पुढे नेत नाहीत. शिवाय बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते. आपल्या भागात ते क्वचितच बघायला मिळतं.

मग आलं असायक्लोव्हिर, आणि इथे वर्गात मी नेहमी थांबायचो, आठवत असेल. हे औषध पेशीत जातं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला पहिला फॉस्फेट चिकटवतो तो विषाणूचाच एन्झाइम, थायमिडीन कायनेज. म्हणजे जिथे विषाणू आहे तिथेच औषध जागं होतं. पुढचे दोन फॉस्फेट आपल्या पेशी चिकटवतात आणि मग ते विषाणूच्या डीएनएच्या वाढत्या साखळीत शिरून ती साखळी तिथेच थांबवतं. निरोगी पेशीला त्याचा त्रास जवळजवळ नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. डोळ्यासाठी याचं तीन टक्क्यांचं मलम येतं. खालची पापणी ओढून साधारण एक सेंटिमीटरची वळी आत सोडायची, दिवसातून पाच वेळा, दर चार तासांनी. व्रण भरल्यावरही निदान तीन दिवस चालू ठेवायचं. मलम चिकट असल्याने काही वेळ नीट दिसत नाही आणि थोडं चुरचुरतं.

शेवटचं गॅन्सिक्लोव्हिर, शून्य पूर्णांक पंधरा शतांश टक्के, जेलच्या रूपात. तेही विषाणूच्याच एन्झाइमने जागं होतं. व्रण भरेपर्यंत दिवसातून पाच वेळा एक थेंब, मग सात दिवस तीन वेळा. अमेरिकेत त्याला २००९ साली परवानगी मिळाली. ज्या चाचण्यांच्या आधारे मिळाली त्यांपैकी एकीत सातव्या दिवशी जेल घेणाऱ्या ७७ टक्के रोग्यांचा डेंड्रायटिक व्रण भरला होता, असायक्लोव्हिरचं मलम घेणाऱ्या ७२ टक्क्यांचा. हा फरक एवढा लहान आहे की जेल मलमाच्या तोडीचं आहे, यापलीकडे त्यातून काही काढता येत नाही. २०१५ सालच्या कोक्रेन आढाव्यात अशा सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या आहेत. त्याचाही निष्कर्ष तोच: ट्रायफ्लुरिडिन, असायक्लोव्हिर आणि गॅन्सिक्लोव्हिर जवळपास सारखीच, आयडॉक्सयुरिडिन आणि विडाराबिन त्यांच्या मागे.

जेलने कमी धूसर दिसतं असं कंपनीचे लोक सांगतात, आणि मलमाशी तुलना केली तर ते खरंही आहे. पण जेलच्याच माहितीपत्रकात साठ टक्के लोकांना धूसर दिसल्याची नोंद आहे. तेव्हा 'हे घातलं की स्वच्छ दिसतं' असं कुणाला सांगू नका. नाहीतर पहिल्या दिवशी अंधुक दिसलं की माणूस घाबरून औषध बंद करतो. ज्याला गाडी चालवायची आहे, मशीनवर उभं राहायचं आहे, त्याला जेलचा उपयोग आहे. ज्याच्या खिशाला जेल परवडत नाही त्याने मलम पाच वेळा इमानाने लावलं तर त्याचं काहीही कमी होत नाही. माझं मत विचाराल तर आपल्या जिल्ह्यात प्रत्येक दुकानात मलम असायलाच हवं आणि तालुक्याच्या ठिकाणी जेल मिळायला हवं.

आता सगळ्यात कळकळीचा मुद्दा. काही महिन्यांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. 'सर, चिठ्ठीवर असायक्लोव्हिर तीन टक्के लिहिलंय. माझ्याकडे पाच टक्केवालं आहे. औषध तेच, ताकद जास्त. देऊ का? पेशंट लांबनं आलाय.' त्याने विचारलं याचं मला फार कौतुक वाटलं. पण असे किती जण न विचारता देत असतील या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

पाच टक्क्यांची ती ट्यूब ओठावरच्या आणि कातडीवरच्या फोडांसाठी असते. डोळ्याचं मलम निर्जंतुक केलेलं असतं, कातडीच्या क्रीमला ती अट नसते. क्रीममध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखे घटक असतात. कातडीला ते चालतात, पण व्रण पडलेल्या कॉर्नियावर ते आग पाखडतात. दोन्ही ट्यूबा हातात घेऊन बघा. डोळ्याच्या ट्यूबचं तोंड लांब आणि निमुळतं असतं आणि तिच्यावर डोळ्यासाठी असं स्पष्ट छापलेलं असतं. दुसरीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असतं. दोन्ही एकाच खणात ठेवत असाल तर आजच वेगळ्या करा. संध्याकाळच्या गर्दीत दुकानातला पोरगा नाव वाचतो, टक्के वाचत नाही.

तसंच, अँटिव्हायरल नाही म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम हातात ठेवणं. विषाणूला अँटिबायोटिकचं काहीही सोयरसुतक नाही. रोग्याला वाटतं उपचार चालू आहे, आणि तेच दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात. शेड्यूल एच मधल्या औषधाच्या जागी दुसरं काही देण्याची मुभा १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ आपल्याला देत नाही, हे तुम्ही परीक्षेत लिहिलेलं आहे. नसेल तर 'माझ्याकडे नाही, अमक्याकडे मिळेल' एवढं सांगा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि उलट्या बाजूचंही सांगतो. हे पत्र वाचून प्रत्येक लाल डोळ्याला असायक्लोव्हिर देऊ लागलात तर मला तितकंच वाईट वाटेल. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळ्यांची साथ आली होती ती आठवा. साथीच्या डोळ्यांना बहुतेक वेळा ॲडिनोव्हायरस आणि एन्टेरोव्हायरस कारण असतात. त्यांच्याकडे तो थायमिडीन कायनेज नसतो, मग असायक्लोव्हिर जागं व्हायचं कसं? ॲडिनोव्हायरसच्या डोळ्यावर परवाना मिळालेलं अँटिव्हायरल औषध आजही नाही. थंड पाण्याच्या घड्या, हात धुणं, टॉवेल वेगळा, आणि दोन-तीन आठवडे धीर. कुणाला बुबुळावर पांढरे ठिपके दिसू लागले किंवा नजर मंदावली तर डॉक्टर. कपाळावर आणि एका पापणीवर नागीण उठलेली असेल, त्यातही फोड नाकाच्या शेंड्यापर्यंत आले असतील, तर मलमावर अजिबात थांबवू नका. त्याला पोटातून घ्यायच्या गोळ्या लागतात आणि त्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो.

गोळ्यांवरून आठवलं. काही रोग्यांना डॉक्टर असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर लिहून देतात. तुम्हाला वाटतं चुकून लिहिलं असेल, इतके दिवस कशाला, आणि तुम्ही पंधरा दिवसांच्या देऊन 'बघा फरक पडतोय का' म्हणता. ती चूक नसते. त्याच हर्पेटिक आय डिसीज स्टडीने १९९८ साली ७०३ रोग्यांवरचे निष्कर्ष छापले. वर्षभरात डोळ्याचा हर्पिस उलटण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ३२ टक्के. ज्याच्या डोळ्यात हे दोन-तीनदा उलटलं आहे त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण प्रत्येक खेपेला नवं फूल पडण्याची भीती असते, आणि अशा डोळ्यावर कॉर्निया बदलला तरी नव्या कॉर्नियात आजार परत येऊ शकतो. अशी चिठ्ठी आली तर पुढच्या महिन्याचा माल आधीच मागवून ठेवा. शंका असेल तर चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन करा.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. मलमाची ट्यूब महिन्यातून एखादी खपते, एक्सपायरी अंगावर पडते, स्टॉकिस्ट एक नग द्यायला कुरकुरतो. म्हणून गावातल्या दोन-तीन दुकानांनी मिळून ठरवा: एकाकडे मलम, एकाकडे जेल, आणि कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना माहीत. रविवारी कोणतं दुकान उघडं हेही. गगनबावड्याच्या किंवा आजऱ्याच्या माणसाला एका ट्यूबसाठी कोल्हापूर गाठायला लावणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं. चंदगडहून तर शंभर किलोमीटरच्या पुढे अंतर आहे. तिथला माणूस दोन दिवस थांबू असंच म्हणतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

चिठ्ठी नसलेला लाल डोळा समोर आला, तर थेंबांच्या कपाटाकडे वळण्याआधी विचारा. एकाच डोळ्यात आहे का? उजेड सोसतो का? तो डोळा उघडा ठेवून दुसरा झाकला तर माझा चेहरा स्पष्ट दिसतो का? शेतात किंवा कारखान्यात काही लागलं का? याआधी याच डोळ्यात असं झालं होतं का? कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? यातल्या एकाचंही उत्तर खटकलं तर औषध न देता, आजच, जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. पैशाची अडचण असेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, नेत्रविभागाचा रस्ता दाखवा. 'भाऊ, लई लांब हाय, तवर काहीतरी घालायला द्या की' असं तो म्हणेलच. द्यायचंच असेल तर स्टिरॉइड नसलेले साधे अश्रूथेंब द्या, आणि बाटलीवर पेनाने लिहा: आज डॉक्टरला दाखवणे.

मलम किंवा जेल चिठ्ठीवर असेल तर देताना दोन मिनिटं खर्च करा. वेळा कागदावर लिहून द्या: सात, अकरा, तीन, सात, अकरा. आणखी थेंब असतील तर आधी थेंब, दहा मिनिटांनी मलम. ट्यूबचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. लाली गेली म्हणून बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. ट्यूब उघडल्यापासून महिन्याने टाकून द्यायची, पुढच्या वर्षी शेजाऱ्याला द्यायची नाही.

तालुक्याच्या बैठकीत यावर अर्धा तास ठेवलात तर मी माझ्या खर्चाने येईन. दोन्ही ट्यूबा, निळ्या उजेडातल्या व्रणाची चित्रं आणि तुमच्या दुकानातल्या पोरांना समजेल अशी एका पानाची टिपणं घेऊन येईन. त्या पोरांनाही बोलवा, कारण संध्याकाळी सात वाजता कपाट तेच उघडतात.

तुमचा,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
कोल्हापूर